जांभ्याच्या वाकड्या भिंतीला पुस्तकांचं रॅक पक्कं बसवलं – माझा अनुभव

बेळगाव-खानापूर भागात ज्यांची घरं जुनी आहेत त्यांना माहीतच असेल, आपल्याकडच्या भिंती सरळ नसतात. जांभ्याचा चिरा, मधे मातीची दरज, वरून चुन्याचा गिलावा आणि त्यावर वर्षानुवर्षं चुना मारून आलेला थर. आमच्या गावातलं मराठी वाचनालय अशाच एका कौलारू घरात आहे, आणि तिथं देणगीत आलेलं नवीन रॅक आम्ही ह्या उन्हाळ्यात भिंतीला पक्कं केलं. साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद, खोली फक्त एक फूट. सविस्तर लिहितेय कारण नेटवर शोधलं तर सगळे व्हिडिओ काँक्रीटच्या नाहीतर जिप्समच्या भिंतीचेच दिसतात, आपल्या भिंतीला त्यातलं निम्मं लागू पडत नाही.

आधी कमिटीत दोघातिघांनी विचारलं की रॅक आपल्या पायावर उभं राहतंय की, भिंतीला कशाला बांधायचं. तर बघा, मीटरभर लांबीच्या फळीवर पुस्तकं गच्च भरली की साधारण २५-३० किलो वजन होतं. आमच्या रॅकला चार फुटाच्या सहा फळ्या, म्हणजे सगळं भरल्यावर दोनशे किलोच्या आसपास जातं. हे वजन सरळ खाली दाबतं तोवर ठीक, पण शाळा सुटल्यावर पोरं येतात आणि वरचं पुस्तक पाहिजे म्हणून खालच्या फळीवर पाय देऊन चढतात, तेव्हा तेच वजन पुढं ओढलं जातं आणि एक फूट खोलीचं रॅक उलटायला फार काही लागत नाही. लहान पोरं जिथं बसतात तिथं हे न बांधता ठेवायचं माझ्या मनाला अजिबात पटत नव्हतं, आणि मी ते तसंच सांगितलं.

गवंडी काका आले, त्यांनी पहिल्यांदा ओळंबा सोडला. भिंत वर गेली तशी दीड-एक इंच मागं गेलेली आणि कमरेच्या उंचीला चांगलं पोट आलेलं. फरशी शहाबादी, तिला दाराकडं ढाळ, कारण पाणी ओतून धुतलं की बाहेर जावं म्हणून जुन्या लोकांनी तो मुद्दाम ठेवलेला असतो. म्हणजे भिंत मागं कललेली आणि फरशी रॅकला पुढं ढकलतेय. इथं बरेच लोक काय करतात, रॅक भिंतीला टेकेपर्यंत मागं रेटतात, वर दोन स्क्रू मारतात आणि स्क्रूनं ओढून सरळ करायला बघतात. असं केलं की सगळा ताण त्या दोन स्क्रूवर कायमचा राहतो. काम जमिनीपासून सुरू करायचं, रॅक भिंतीशिवाय स्वतःच सरळ उभं राहिलं पाहिजे, भिंतीचा आधार फक्त उलटू नये म्हणून.

पुढच्या पायांखाली पाचरी लागल्या. पुठ्ठा किंवा प्लायचे तुकडे नको, आपल्याकडच्या पावसात ते ओल धरतात, दबतात आणि वाळवीला आयतं खाणं मिळतं. गाडीच्या नंबर प्लेट करणाऱ्याच्या दुकानात ॲक्रिलिकचे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात, ते आणले, एकावर एक ठेवून पाहिजे तेवढी जाडी होते आणि दबत नाहीत. लेव्हल आडवी, उभी दोन्ही बघितली. शिवाय टेपनं रॅकचे दोन्ही कर्ण मोजले, दोन्ही सारखे आले म्हणजे चौकट काटकोनात आहे, नाहीतर रॅक उभं दिसतं पण पिळलेलं असतं आणि फळ्या कुरकुरतात.

आता भिंत. बोटाच्या सांध्यानं ठोकत गेलं की कुठं घट्ट आवाज येतो आणि कुठं बदबद, बदबद म्हणजे गिलावा सुटलाय. मग बारीक बिटनं चाचणीचं भोक पाडायचं आणि काय बाहेर येतंय ते नीट बघायचं. पांढरी भुकटी म्हणजे अजून गिलाव्यातच आहे, लाल खरखरीत चुरा म्हणजे चिरा लागला, आणि मऊ माती भसाभस यायला लागली तर दरज. एका भोकाला काका लगेच म्हणाले, "थांब बाळ, दरजेत गेलंय बघ, माती येऊलालीय." अशी चार बोटं इकडं चार बोटं तिकडं बघत प्रत्येक चिऱ्याच्या मध्यावर पेन्सिलनं खुणा करून घेतल्या. गिलावा इंचभरापेक्षा जाड निघाला, म्हणजे रॅकबरोबर आलेला दोन इंची स्क्रू आणि प्लॅस्टिकची गिट्टी निम्म्याहून जास्त गिलाव्यातच राहिली असती, तिचा काही उपयोग नाही. ड्रिल करताना हॅमर बंद. जांभा मऊ आणि सच्छिद्र असतो, हातोडा चालू ठेवला की भोक मोठं होतं, कडा ढासळतात आणि आजूबाजूचा गिलावा पण हलतो, नुसतं फिरवून सावकाश पाडलं की भोक स्वच्छ येतं. (आणि हो, भोक पाडायच्या आधी लाईटची वायर कुठून गेलीय ते बघा, बोर्डाच्या सरळ वर-खाली बिट लावूच नका.)

खरी अडचण अशी की चिऱ्यांवरच्या ह्या खुणा आणि रॅकच्या चौकटीच्या जागा काही जुळेनात. ह्यावर सुतार अण्णांनी जो उपाय काढला तो मला फार आवडला. अण्णा कित्तूरकडचे, कन्नड आणि मराठी मिसळून बोलतात, म्हणाले, "ताई, रॅक भिंतीला नको जोडूया, भिंतीला रीप जोडू आणि रिपेला रॅक." म्हणजे रॅकच्या वरच्या टोकाच्या उंचीला पाच फुटी सागवानी रीप, म्हणजे लाकडाची लांब पट्टी, आडवी. रीप भिंतीला पाहिजे तिथं पकडता येते, जिथं चिरा सापडेल तिथं, आणि रॅक रिपेला पाहिजे तिथं. भिंतीचा वाकडेपणा त्यांनी रिपेच्या पाठीवर उतरवून घेतला, रीप भिंतीला धरून पेन्सिल भिंतीच्या कडेनं सरकवत नेली, रेघ पडली, आणि रंध्यानं तेवढं लाकूड काढलं. पुढची बाजू ओळंब्यात, मागची बाजू भिंतीसारखी वाकडी. रीप अशी बसली की मागं पोस्टकार्ड जाईना. बसवायच्या आधी पाठीला वाळवीचं औषध दोन हात.

रीप पकडायला साधा अँकर फास्टनर घेतला नाही. तो आत फुगून धरतो आणि मऊ दगडाला तेच सोसत नाही, चिरा तडकू शकतो. त्याऐवजी बेळगावातून केमिकल अँकरची (भोकात सळी चिकटवून धरणाऱ्या रसायनाची) ट्यूब आणली, जाळीची नळी आणि १० मिमीची आटेवाली सळी, दगडात चार इंच जाईल अशी. भोकातली धूळ ब्रशनं आणि पंपानं पूर्ण काढायची, ह्यात घाई करू नका, धूळ राहिली तर केमिकल धुळीला चिकटतं, दगडाला नाही. मग आतून बाहेर भरत यायचं आणि सळी फिरवत घालायची. रात्रभर हात लावला नाही. भिंत कोरडी पाहिजे, म्हणून हे काम पावसाळ्याच्या आधीच केलेलं बरं.

रॅक रिपेला जोडायला उद्यमबागेत एका फॅब्रिकेशनवाल्याकडून एल अँगल करून घेतले, एका बाजूला उभं लांबट भोक ठेवायला सांगितलं, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि थोडं वर-खाली व्हायला जागा लागते. अँगल रॅकच्या चौकटीच्या जाड लाकडातच मारायचे, मागच्या पातळ प्लायमधे नाही, तो प्लाय ओढ लागली की फाटून येतो. भिंतीचं पोट आणि रॅकची पाठ ह्यात पाऊण इंच मोकळं ठेवलंय. काहीजण म्हणाले फट दिसते, पट्टी मारून बंद करा, पण मी नको म्हटलं. वारा खेळला तर पुस्तकांना बुरशी धरत नाही आणि बॅटरी मारून बघितली की वाळवीची माती चढतेय का ते कळतं. दिसण्यापेक्षा पुस्तकं टिकणं महत्त्वाचं.

भरताना खालून सुरुवात केली, शब्दकोश आणि बाइंडिंग केलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे तळाला, बारीक पुस्तकं वर, आणि पोरांची पुस्तकं त्यांच्या हाताला येतील अशा मधल्या फळ्यांवर, म्हणजे चढायची गरजच नको. भरायच्या आधी काकांनी वरची कड धरून जोर लावून ओढून बघितली, हललं नाही. जूनचा पाऊस जोरात झाल्यावर नट परत आवळले, थोडेसे सैल झालेले होते, लाकूड असल्यावर ते होणारच.

अजून एक रॅक यायचंय. जागा पश्चिमेच्या भिंतीला रिकामी आहे, पण आपल्याकडं पाऊस त्याच बाजूनं झोडपतो आणि तिथला गिलावा आत्ताच पोपडे धरतोय, त्यामुळं तिथं नाही, खिडकी सोडून पूर्वेच्या भिंतीला लावायचं ठरलंय. अण्णांना रिपेचं माप देऊन ठेवलंय.