एनएफएसवरील सामायिक ग्रुप: अडले होते ते सर्व्हरच्या ग्रुप फाइलमध्ये

मागील नोंदीत एनएफएसने (नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावरील फोल्डर वापरण्याची व्यवस्था) जोडलेल्या तिन्ही यंत्रांवरील यूआयडी (वापरकर्त्यांचे क्रमांक) जुळवून झाल्याचे आणि आता सामायिक फोटोंसाठी एक ग्रुप तयार करणे एवढेच काम उरल्याचे लिहिले होते. त्या एका ग्रुपने माझ्या चार संध्याकाळी घेतल्या. काल रात्री कारण सापडले, म्हणून ते सविस्तर मांडत आहे.

लॅपटॉपवर 5001 या जीआयडीचा (ग्रुपच्या क्रमांकाचा) ‘फोटो’ ग्रुप तयार करून ग्रुप फाइलच्या चौथ्या, म्हणजे सदस्यांच्या, रकान्यात माझे व पत्नीचे नाव घातले. सर्व्हरवरही त्याच क्रमांकाचा ग्रुप केला. मात्र तेथे फोटोंच्या कामासाठी कोणी लॉगिन करत नसल्यामुळे चौथा रकाना रिकामाच ठेवला. फोल्डरला 2775 परवानगी दिली, म्हणजे आत तयार होणाऱ्या प्रत्येक फाइलला तोच ग्रुप मिळावा. लॅपटॉपवर वापरकर्त्याचे ग्रुप सांगणारी ‘आयडी’ आज्ञा 5001 व्यवस्थित दाखवत होती, तरी फाइल लिहायला गेले की ‘पर्मिशन डिनाइड’.

पुन्हा लॉगिन केले, फोल्डर पुन्हा माउंट केले (जोडले), ‘जीआरपीसीके’ने दोन्हीकडच्या ग्रुप फाइली तपासल्या, कोठेही दोष निघाला नाही. शेवटी नेटवर्कवरून जाणारे संदेश पाहण्यासाठी वायरशार्क लावले. अशा वेळी या साधनाइतके विश्वासाचे दुसरे काही नाही, असे माझे ठाम मत आहे. क्लायंटच्या, म्हणजे लॅपटॉपच्या, विनंतीत यूआयडी 1000, प्राथमिक जीआयडी 1000 आणि पूरक (प्राथमिक सोडून इतर) ग्रुपांच्या यादीत 5001 स्पष्ट दिसत होता, म्हणजे क्लायंटची बाजू चोख होती. मग सहज ‘न्यूजीआरपी’ने 5001 हा प्राथमिक ग्रुप केला आणि त्याच फोल्डरमध्ये फाइल लगेच तयार झाली!

सर्व्हर प्राथमिक जीआयडी मानतो आणि पूरक यादी मानत नाही, हे त्यातून कळले आणि मी थेट एनएफएसच्या कॉन्फिग फाइलकडे गेलो. ‘मॅनेज-जीआयडीज’ हा पर्याय तेथे चालू होता. एनएफएसच्या नेहमीच्या प्रमाणीकरणात विनंतीबरोबर जास्तीत जास्त 16 पूरक ग्रुप जातात. ती मर्यादा टाळण्यासाठी या पर्यायाने सर्व्हर क्लायंटची यादी बाजूला ठेवतो आणि त्या यूआयडीचे ग्रुप स्वतःच्या नोंदींतून काढतो. माझ्या सर्व्हरवर तो रकाना रिकामा होता.

ग्रुप फाइल संपादित करणाऱ्या ‘व्हीआयजीआर’ने तेथे दोन्ही नावे घातली, तरीही नकारच आला. ग्रुपांची जुनी माहिती सर्व्हरच्या कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) डीफॉल्टने 30 मिनिटे साठून राहते. ‘एक्स्पोर्टएफएस’ आज्ञा ‘-एफ’सह चालवून ती रिकामी केली आणि पत्नीच्या खात्यावरून पहिला फोटो चढला, ग्रुप ‘फोटो’ आणि लिहिण्याच्या परवानगीसह. तो क्षण फार समाधानाचा होता.

पुढचा टप्पा एलडॅपचा, म्हणजे सर्व यंत्रांसाठी वापरकर्ते व ग्रुप एकाच ठिकाणी ठेवणाऱ्या सेवेचा, ठरवला होता. परंतु हे लिहितानाच लक्षात येते आहे की या फोल्डरपुरता परवानगीचा निर्णय सर्व्हरच देत असेल, तर सदस्यांची नावे एकट्या सर्व्हरच्या ग्रुप फाइलमध्ये असली तरी पुरे. क्लायंटवर केवळ क्रमांकाला नाव दिसण्यापुरती ओळ हवी. तीन यंत्रांसाठी एलडॅपचा पसारा मांडण्याचे कारण मला आता दिसत नाही, म्हणून तो बेत रद्द करतो.

त्याऐवजी येत्या रविवारी जुन्या डिस्ककडे वळेन. ‘यूजरमॉड’ने यूआयडी बदलला तेव्हा मालकी होम फोल्डरपुरतीच बदलली गेली, त्यामुळे त्या डिस्कवरील फाइलींवर अजून 1001 हाच मालक दिसतो. फाइली शोधणाऱ्या ‘फाइंड’ला तो क्रमांक देऊन आधी यादी काढेन आणि ती नजरेखालून घातल्यावरच मालकी बदलेन.