समुद्रात नव्हे, जर्मनीत

आमच्या शेजारच्या आजींचा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या लँकेस्टर बॉम्बरवर रिअर गनर, म्हणजे विमानाच्या शेपटीकडच्या तोफा सांभाळणारा, होता. 24 मार्च 1944 च्या रात्री तो बर्लिनवरच्या हल्ल्याला गेला, तो परतलाच नाही. घरी आधी 'बेपत्ता' अशी तार आली आणि काही महिन्यांनी मृत समजल्याचं पत्र. विमान समुद्रात पडलं असणार, असं त्यांच्या आईनं मनाशी धरलं होतं. मी इंग्लंडमधल्या लिंकन शहरात राहतो. युद्धात या भागात जिकडेतिकडे बॉम्बरचे तळ होते. त्यामुळे आजींनी विचारलं तेव्हा नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

सुरुवात युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरून केली. नुसत्या आडनावावर ढीगभर माणसं निघतात, म्हणून सर्व्हिस नंबर (सैन्यातला ओळख क्रमांक) हाताशी हवाच. तो त्या जुन्या पत्रावर होता. नोंद मिळाली ती इंग्लंडमधल्या रनीमीड स्मारकाची. ज्यांची कबर ठाऊक नाही अशा 20,000 हून अधिक हवाई सैनिकांची नावं तिथं कोरली आहेत. युद्धात ब्रिटिशांसाठी गुप्तहेर म्हणून काम केलेल्या नूर इनायत खान यांचंही नाव तिथंच आहे.

बरेच जण इथंच थांबतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, थांबू नका. एकट्या माणसाला न शोधता त्याच्या विमानातल्या सगळ्यांना शोधा. लँकेस्टरवर सात जण असत. लिंकनमधल्याच इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटर या स्मारक-केंद्राच्या नोंदींत साती नावं एकत्र सापडली. त्यातल्या चौघांच्या कबरी बर्लिनच्या युद्ध कबरस्तानात आहेत. युद्धानंतर बर्लिन आणि पूर्व जर्मनीतले मृतदेह शोधून तिथं आणले गेले होते. म्हणजे विमान समुद्रात पडलंच नव्हतं! हे सांगितल्यावर आजींनी ती चार नावं माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

मग लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमधून (सरकारी अभिलेखागार) त्याच्या स्क्वाड्रनचं, म्हणजे विमानांच्या तुकडीचं, ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक (मोहिमांची नोंदवही) उतरवून घेतलं. ते 'एअर 27' या मालिकेत असतं. टाइप केलेलं पान, प्रत्येक विमानापुढे निघाल्याची आणि उतरल्याची वेळ. आजींच्या भावाच्या विमानापुढे उतरल्याची वेळ नाही; उड्डाणानंतर काहीच कळलं नाही, एवढंच एक वाक्य. पण वरखालच्या ओळी सोडू नका, खरी माहिती तिथं असते. परतलेले वैमानिक एकामागून एक वाऱ्याबद्दल बोलतात. त्या रात्री उत्तरेकडून इतका जोराचा वारा होता की विमानं दक्षिणेकडे भरकटली आणि परतताना विमानवेधी तोफांच्या माऱ्यात सापडली. 811 पैकी 72 विमानं गेली.

रनीमीडला जाणार असाल तर पॅनल क्रमांक (नाव कोरलेल्या दगडी फलकाचा) लिहून न्या. नावं वर्ष आणि हुद्द्यानुसार लावलेली आहेत, अरुंद खिडक्यांच्या कडेच्या दगडात.

सेंटरच्या नोंदींत भावाचा फोटो नव्हता. आजींनी गणवेशातला एक काढून दिला. तो स्कॅन करून मी पाठवला आहे, आणि सोबत उरलेल्या सहा जणांच्या घरच्यांसाठी त्यांनी स्वतः लिहिलेली चिठ्ठी.