सी रँच: खासगी वस्तीतून समुद्राकडे जाणाऱ्या वाटा

सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला हायवे १ धरला की जेनर गावाच्या पुढे रस्ता कड्याच्या अगदी काठाने वळणं घेत जातो. गाडी लागत असेल तर पुढे बसा आणि वेळ हातात ठेवून निघा. टाकी आधीच भरून घ्या, फोनच्या रेंजवर विसंबू नका.

सोनोमा काउंटीच्या वायव्य टोकाला सुमारे १० मैल किनारा व्यापून सी रँच ही खासगी वस्ती पसरली आहे. रंग न दिलेल्या, उन्हापावसाने करड्या पडलेल्या लाकडाची तिथली घरं बघायला वास्तुकलेतली मंडळी लांबून येतात. घरं देखणी आहेतच, पण मी गेलो तो त्यांच्यामधून समुद्राकडे उतरणाऱ्या सार्वजनिक वाटा चालायला.

या वाटा सुखासुखी मिळालेल्या नाहीत. १९६० च्या दशकात भूदृश्य-रचनाकार लॉरेन्स हाल्प्रिन यांनी वस्तीचा आराखडा केला. त्यात गवताळ माळ मोकळे राखले, वारा अडवणाऱ्या सायप्रसच्या जुन्या रांगा जपल्या. निसर्गाचा इतका विचार झाला, पण बाहेरच्या माणसाने समुद्रापर्यंत जायचं कसं, हा प्रश्न उत्तरेकडच्या उद्यानाला जागा देऊन जवळपास मिटवून टाकला. लोक खवळले. किनारा असा बंद होऊ नये म्हणून १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव २० मंजूर केला. त्यातून किनाऱ्यावरच्या बांधकामांना परवानगी देणारा किनारा आयोग उभा राहिला आणि १९७६ मध्ये किनारा कायदा आला. आयोगाने लोकांसाठी वाटा मागितल्या आणि सी रँचमधली बांधकामं वर्षानुवर्षं अडकली. शेवटी १९८० मध्ये विधिमंडळाने तोडगा काढला: रहिवाशांच्या संघाला ५ लाख डॉलर आणि लोकांना वाटा. १० मैलांत समुद्रावर उतरायला पाच वाटा आणि कड्यावरून जाणारी एक. मला हा सौदा तोकडाच वाटतो.

आता चालण्याविषयी. सुरुवात वालाला पॉइंट उद्यानातून करा. तिथून कड्यावरची वाट सुमारे तीन मैल दक्षिणेला वॉक-ऑन बीचपर्यंत जाते. डावीकडे घरं, उजवीकडे थेट पॅसिफिक. वारा बहुतेक वायव्येचा, म्हणजे जाताना पाठीवर आणि येताना तोंडावर. जाताना 'किती सोपं आहे' असं वाटेल. परतीसाठी दम आणि जाकीट दोन्ही राखून ठेवा.

वॉक-ऑनच्या पुढे कड्यावरची वाट रहिवासी आणि त्यांच्या पाहुण्यांसाठीच आहे. त्यामुळे शेल, स्टेंगल, पेबल आणि ब्लॅक पॉइंट या किनाऱ्यांसाठी दर वेळी हायवेवर परत यायचं आणि पुढच्या छोट्या पार्किंगला गाडी लावायची. वस्तीतल्या रस्त्यांवर गाडी लावू नका, ते खासगी आहेत. भरतीच्या सरासरी रेषेखालचा किनारा मात्र सर्वांचा, त्यावर कुणाची खासगी मालकी नाही. म्हणून ओल्या वाळूतूनच पुढच्या किनाऱ्याला जाऊ, असा मोह होतो. तो आवरा. मध्ये खडकांची टोकं आहेत आणि भरती चढू लागली की मागची वाट बंद होते. ओहोटीची वेळ पाहूनच उतरा, समुद्राकडे पाठ करू नका. शांत दिसणाऱ्या पाण्यातून अचानक मोठी लाट वर येते. वसंतात सीलची पिल्लं वाळूवर असतात, त्यांच्यापासून लांब राहा.

चालताना एक गोष्ट पटत गेली. वाट टिकते ती आराखड्यात नावानिशी असते म्हणून. किनारा कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक किनारा आराखड्यात लोकांच्या वाटांचा स्वतंत्र भाग असावाच लागतो. घर बांधायला परवानगी देताना वाट मागून घेऊ, या भरवशावर राहता येत नाही. १९८७ च्या नोलन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी अट घालायची तर बांधकामाने होणाऱ्या तोट्याशी तिचा थेट संबंध हवा. शिवाय कॅलिफोर्नियात मालकांनी लिहून दिलेल्या कित्येक देकारांना, म्हणजे 'जमिनीतून लोकांना वाट देऊ' या लेखी प्रस्तावांना, २१ वर्षांची मुदत होती. तेवढ्यात एखाद्या संस्थेने तो स्वीकारून देखभाल अंगावर घेतली नाही, तर देकार गेला. सी रँचच्या वाटा काउंटीचा उद्यान विभाग सांभाळतो, म्हणून तिथे पाटी आणि पार्किंग तरी आहे.

तुम्ही या किनाऱ्यावर कुठेही चाललात आणि कुंपण किंवा संशयास्पद 'प्रवेश बंद' दिसलं, तर भांडत बसू नका. फोटो काढा, तारीख आणि जागा टिपा, किनारा आयोगाला कळवा. वाट अडवणाऱ्याला थेट दंड करण्याचा अधिकार आयोगाला २०१४ पासून आहे. जुने घरगुती फोटोही टाकून देऊ नका. लोकांची वहिवाट होती हे दाखवायला तेच कामी येतात.

निघायच्या आदल्या दिवशी काउंटी उद्यान विभागाकडून कोणता जिना बंद आहे ते पाहून घ्या. वादळात कडा खचतो, मग दुरुस्ती रेंगाळते. पार्किंग सूर्यास्तापर्यंतच, आणि जागा थोड्याच गाड्यांची, त्यामुळे शनिवार-रविवारी सकाळीच पोचा.