माळ, मीटिंग आणि नवस

दारू सुटावी म्हणून मी दोनदा तुळशीची माळ घातली आणि दोन्ही वेळा ती देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला टांगून पुन्हा गुत्त्याची वाट धरली. माळकऱ्याने दारूला शिवायचे नाही हा दंडक मी जाणत होतो, त्यामुळे पिण्याआधी माळ उतरवण्याइतका प्रामाणिकपणा आपल्यात शिल्लक आहे, याचेही मला समाधान वाटे. (व्यसनी माणूस पराभवातूनसुद्धा स्वतःसाठी शाबासकी शोधून काढतो.) म्हणूनच, पुढे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या पहिल्या मीटिंगमध्ये, शाळेच्या वर्गात लहान मुलांच्या बाकांवर अवघडून बसलेली मोठी माणसे शेवटी उभी राहून प्रार्थना म्हणू लागली, तेव्हा माझी नजर दाराबाहेरच्या चपलांकडे गेली.

या प्रार्थनेमागच्या विचाराचे मूळ देवळात नाही, हे मला नंतर वाचनातून कळले. रोलंड हॅझर्ड या दारूच्या आहारी गेलेल्या अमेरिकी गृहस्थाला मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी स्पष्ट सांगितले होते की वैद्यकाकडे त्याच्यासाठी आता उपाय नाही, झालाच तर एखाद्या आध्यात्मिक अनुभवाने फरक पडेल. हॅझर्ड ‘ऑक्सफर्ड ग्रूप’ या ख्रिस्ती चळवळीत गेला, तिथला विचार एबी थॅचर या जुन्या मित्रामार्फत 1934 मध्ये बिल विल्सनपर्यंत पोहोचला आणि 1935 मध्ये ओहायोतील ॲक्रन शहरात विल्सन व डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींच्या भेटीतून ही संघटना उभी राहिली. विल्सन यांनी 1961 मध्ये युंग यांना आभाराचे पत्र लिहिले, तेव्हा उत्तरात युंग यांनी हॅझर्डची दारूची ओढ ही पूर्णत्वाच्या आध्यात्मिक तहानेचेच खालच्या पातळीवरचे रूप असल्याचे म्हटले आणि लॅटिनमध्ये मद्य व आत्मतत्त्व या दोहोंना ‘स्पिरिटस’ हा एकच शब्द आहे, याकडे लक्ष वेधले.

संघटनेने दारूमुक्तीसाठी सांगितलेल्या बारा पायऱ्यांमधील तिसऱ्या पायरीत ‘आम्हाला जसा समजला तसा’ ईश्वर, असे शब्द आहेत. त्या आधारावर माझ्यासारख्या अर्धवट नास्तिकालाही बाकावर जागा मिळाली. मला खरे अडवले ते अकराव्या पायरीने, कारण तिच्यात ईश्वराची इच्छा कळावी आणि ती पार पाडण्याचे बळ मिळावे, एवढेच मागायला सांगितले आहे. माझ्या आजवरच्या सगळ्या प्रार्थना नवसाच्या होत्या: एवढी नोकरी वाचव, सोमवारपासून थेंबाला शिवणार नाही, एवढे कर्ज फिटू दे, माळ पुन्हा घालतो. देवाशी चाललेला तो व्यवहार होता, आणि प्रत्येक वेळी बुडवणारा मीच होतो.

आता पहाटे चहाचे आधण ठेवले की ते उकळेपर्यंत मी ओट्यापाशी उभा राहून फक्त आजच्या दिवसापुरते बळ मागतो, आणि उद्याचे काही मागायचा मोह झालाच तर तिथेच थांबतो. काही दिवशी कोणी ऐकते आहे असे वाटते, पुष्कळदा वाटत नाही, तरीही तेवढे म्हटल्याशिवाय गाळणी हातात घेत नाही. माळ अजून खुंटीवरच आहे. आई एकादशीला ती पुसते, पुन्हा टांगते आणि मला काही विचारत नाही.