नव्ह-शापेल : सपाट मुलखातले गाव

उत्तर फ्रान्समधील बेथ्यूनहून नव्ह-शापेलकडे जाताना वाटेत एकही चढ लागत नाही. दोन्ही बाजूंना शेते, मध्येच विटांची घरे आणि पाणी वाहून नेणारे चर, एवढेच दिसते. पूर्वेकडची ओबेर्सची टेकडी तर मला शोधावी लागली, कारण सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ती शेताच्या बांधापेक्षा फारशी मोठी वाटत नाही. मात्र या काही मीटरच्या उंचवट्यानेच गावाचे नशीब ठरवले. पहिल्या महायुद्धात तो जर्मनांच्या ताब्यात राहिल्याने खालचा सारा प्रदेश त्यांच्या नजरेच्या टप्प्यात आला. शिवाय येथील चिकणमातीत थोडे खणले तरी पाणी लागते, म्हणून खंदकांऐवजी मातीच्या पोत्यांचे बांध उभारून सैनिकांना त्यांच्या आडोशाने राहावे लागले.

२८ ऑक्टोबर १९१४ रोजी ४७ व्या शीख पलटणीबरोबर गावात शिरलेल्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंता सैनिकांच्या, दोन कंपन्या आपल्या खडकीच्या होत्या. घराघरांतून झुंज झाली, परंतु कुमक न पोहोचल्याने त्यांना माघार घ्यावी लागली. पुढे १० मार्च १९१५ रोजी सकाळी साडेसातला सुरू झालेल्या ३५ मिनिटांच्या तोफमाऱ्यानंतर ब्रिटिश आणि भारतीय फौजांनी गाव घेतले. ओबेर्सचा उंचवटा मात्र हाती आला नाही. तीन दिवसांत त्यांचे मिळून सुमारे ११,६०० सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले, त्यांत सुमारे ४,२०० भारतीय होते. याच लढाईत पडलेले गढवाल रायफल्सचे गबर सिंह नेगी यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

गावाबाहेरच्या चौकात हर्बर्ट बेकर यांनी रचलेले आणि १९२७ मध्ये खुले झालेले भारतीय स्मारक आहे. अशोकस्तंभाची आठवण करून देणारा उंच स्तंभ, दगडी जाळी, छत्र्या आणि भिंतीवर ४,७०० हून अधिक नावे. ज्यांची कबर कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही, अशांची ही नावे आहेत. साम्राज्याने उभारलेल्या स्मारकात थोडा दिमाख असणारच, पण ओळीने नावे वाचू लागल्यावर तो नजरेआड होतो.

समोरच पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी आहे. एप्रिल १९१८ च्या जर्मन हल्ल्यात त्यांची फळी याच भागात कोसळली. तोफगोळ्यांनी पाय तुटलेला गावातला क्रूसावरचा येशू १९५८ मध्ये पोर्तुगालला देण्यात आला आणि आता तो बाताल्याच्या मठात, अनामिक सैनिकांच्या समाधीपाशी आहे.