तुम्ही विचारलंत म्हणून: कंट्रोलरचं नाव मी का सांगत नाही

“दादा, बजेट ३० हजार आहे, कोणता कंट्रोलर घेऊ?” आठवड्यातून दोनदा तरी हा मेसेज येतो, लग्नसराईत जवळपास रोज. (कंट्रोलर म्हणजे लॅपटॉपला जोडायचं डीजेचं यंत्र, त्यावरून लॅपटॉपमधली गाणी एकमेकांत मिसळतात.) मी उलट विचारतो: लॅपटॉप कोणता आहे? वाजवणार कुठे? साउंड कोणाचा? एवढ्यावर अर्धे जण गप्प होतात, बाकीचे चिडतात. परवा आमच्या नाशिकमधल्या सातपूरच्या एका मुलाने सरळ लिहिलं, “नाव सांगायचं नसेल तर तसं सांगा. आम्ही दोन पैसे कमावले तर तुमचं काय जातं?”

हे मला लागलं. गेली कित्येक वर्षं मी या पोरांचे लॅपटॉप मांडीवर घेऊन ड्रायव्हर टाकून देतोय, रात्री अकरा वाजता फोनवर सेटिंग सांगतोय. एक रुपया घेतला नाही. तरी बोलणं ऐकायचं ते मीच. म्हणून एकदाच सगळं लिहितो.

मी काय वापरतो हे काही गुपित नाही. पायोनियरचा डीडीजे-४००. २०१८ साली आलेला, दोन चॅनलचा म्हणजे एका वेळी दोन गाणी हाताळणारा, मागे मास्टरच्या म्हणजे मुख्य आवाजाच्या दोन आरसीए पिना (टीव्हीमागे लाल-पांढऱ्या असतात तशा), वेगळा अडॅप्टर लागत नाही, यूएसबीवर चालतो. गंगापूर रोडच्या लॉन्सवर हाच, संभाजीनगर रोडच्या हॉलमध्ये हाच, ओझरच्या हळदीत हाच. त्याच्या जागी पुढे एफएलएक्स-४ आला, तो रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो या डीजेच्या दोन्ही सॉफ्टवेअरवर चालतो. हे तुम्हाला कुठलाही दुकानदार सांगेल. दोन्ही चांगले आहेत. पण “हाच घे” हे दोन शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत, कारण २०१९ मध्ये एकदा ते निघाले होते.

दिंडोरी तालुक्यातला मुलगा होता. वय २१. दोन सीझन माझ्याबरोबर वायर गुंडाळायला, पेट्या उचलायला येत होता. कानाचा फार तयार. दोन गाण्यांचा ठेका एकमेकांवर बसतोय की सरकतोय, हे त्याला स्क्रीनकडे न बघता कळायचं. जुनी गाणी मशीनवर नाही, माणसांनी वाजवलेली असतात. ढोलकीवाला रंगात आला की लय दोन पावलं पुढे जाते आणि दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं सिंकचं बटण तिथे हात टेकतं. हा पोरगा अशा गाण्यावर नुसत्या बोटाने जॉग, म्हणजे कंट्रोलरवरची गोल चकती, ढकलून दुसरं गाणं धरून ठेवायचा. मला ते यायला चार वर्षं लागली होती.

एका रात्री काम आटोपून मी त्याला घरी सोडायला निघालो होतो. म्हसरूळ मागे पडलं आणि तो म्हणाला, “दादा, स्वतःचा घ्यायचा म्हणतोय. कोणता घेऊ?” मी विचारही केला नाही. चार चॅनलच्या एका मोठ्या मॉडेलचं नाव घेतलं. मोठे जॉग, मागे कॅननचं (तीन पिनांच्या केबलचं) बॅलन्स आउटपुट, ज्यात लांब वायरीतही खरखर सहसा शिरत नाही, बूथचा म्हणजे वाजवणाऱ्याच्या स्वतःच्या स्पीकरचा वेगळा आवाज. किंमत ६० हजारांच्या वर. “घ्यायचा तर हाच घे, पुन्हा पुन्हा घ्यायला नको,” असंही वर म्हणालो.

लॅपटॉप कोणता आहे, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. बरीच वर्षं मी स्वतःला हेच समजावत आलो: त्याने सांगायला हवं होतं, मी काय अंतर्ज्ञानी आहे? पण खरं सांगायचं तर ते मॉडेल मला हवं होतं. दोन वर्षं मी त्याचे व्हिडिओ बघत होतो आणि घरात ते बोलायची सोय नव्हती. जे मला घेता आलं नाही, ते मी त्याला घ्यायला लावलं.

महिन्याभरात त्याने घेतला. थोडे पैसे दोन सीझनच्या मजुरीचे, बाकीचे आईने बचत गटातून उचललेले. हे मला नंतर कळलं.

पहिलं काम चुलतबहिणीची हळद. मे महिना. मी पाहुणा म्हणून गेलो होतो. घरासमोर मांडव, बाजूला जनरेटर, पिवळ्या कापडाचं टेबल आणि त्यावर तो नवा कोरा कंट्रोलर. जॉगवरचं पातळ प्लॅस्टिक त्याने काढलं नव्हतं. कडेला बोटाच्या नखाएवढं सुटलं होतं, ते तो अंगठ्याने पुन्हा दाबून बसवत होता. शेजारी मामेभावाचा कॉलेजचा लॅपटॉप. ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क, बिजागरीला चिकटपट्टी. आदल्या रात्री पेनड्राइव्हवरून शेकडो गाणी कॉपी केलेली, त्यातलं एकही अॅनालाइज केलेलं नाही. म्हणजे प्रत्येक गाणं डेकवर टाकलं की लॅपटॉप आधी ते अख्खं वाचणार, त्याचा ठेका मोजणार, लाटेचं चित्र काढणार, आणि त्याच वेळी दुसरं गाणं वाजवतही राहणार.

साउंड सुरू केल्याबरोबर स्पीकरमधून हुंऽऽ असा आवाज. बारीक, पण सतत. लॅपटॉपचा चार्जर घरातल्या बोर्डवर होता, साउंडवाल्याचा मिक्सर जनरेटरवर. दोन्हीकडची अर्थिंग वेगळी, आणि यूएसबी व कंट्रोलरच्या वायरींमधून ती एकमेकांना भिडलेली. त्यातून कंट्रोलरचं बॅलन्स आउटपुट नुसतंच पडून होतं, कारण साउंडवाल्याकडे ती केबल नव्हती. कंट्रोलर ६० हजारांचा, आणि आवाज चालला होता ५० रुपयांच्या लांबलचक आरसीएमधून. पोराने माझ्याकडे बघितलं. मी गर्दीतूनच हाताने खूण केली: चार्जर काढ.

त्याने काढला. हुंकार गेला. चार माणसांनी मान डोलावली आणि मला बरं वाटलं.

पाच मिनिटांनी आवाज फाटायला लागला. कर्र, कर्र, मधेच अर्धा सेकंद शांतता. चार्जर काढला की असला लॅपटॉप बॅटरी वाचवायला प्रोसेसरचा वेग खाली आणतो. आधीच त्याचा श्वास कोंडला होता, मी गळाच दाबला. वर कुठल्याशा व्हिडिओत बघून त्याने बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा तयार करतो ते, १२८ वर ठेवलं होतं. १२८ म्हणजे लॅपटॉपला पुढचा तुकडा तयार करायला जेमतेम ३ मिलिसेकंद. ५१२ वर जवळपास १२ मिळतात, आणि हळदीत नाचणाऱ्या माणसाला तो फरक जन्मात कळत नाही. हे मला माहीत होतं. मी टेबलापासून वीस पावलांवर उभा होतो. मी गेलो नाही. त्याचं पहिलं काम आहे, सगळ्यांसमोर मी जाऊन हात घातला तर त्याचा पाणउतारा होईल, असं मला वाटलं. आज वाटतं, माझाही होईल, हे त्यात होतंच. मशीन मी सांगितलेलं होतं.

तो घाबरला आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्याने केलं, आवाज वाढवला. मास्टरचे दिवे हिरव्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून लाल. लाल म्हणजे लाटेचं डोकं छाटलं जातंय. छाटलेल्या लाटेत ताकद जास्त भरते आणि ती आधी हॉर्नच्या, म्हणजे बारीक आवाज काढणाऱ्या स्पीकरच्या, नाजूक कॉइलला जाळते. साउंडवाला धावत आला आणि त्याने मिक्सरवरून आवाज खाली खेचला. तो माणूस वयाने मोठा, शिवी देऊ शकला असता, दिली नाही.

पावणेनऊच्या सुमारास लॅपटॉप बंद पडला. जुनी बॅटरी, किती पुरणार? नवरीची आजी नुकतीच मध्ये येऊन उभी राहिली होती, पदर खोचून. अख्ख्या मांडवात फक्त जनरेटरचा आवाज. कोणीतरी ओरडलं, “अरे मोबाइल लाव ना!” साउंडवाल्याने खिशातून एक बारीक जॅक काढला, एका पोराचा मोबाइल मिक्सरला जोडला, आणि गाणं सुरू झालं. आजी नाचली. दहापर्यंत सगळे नाचले, एकदाही काही अडकलं नाही.

तो टेबलामागे खाली बसून कंट्रोलर खोक्यात भरत होता. थर्माकोलचे तुकडे ज्या क्रमाने निघाले होते त्याच क्रमाने.

जेवणं झाल्यावर त्याची आई माझ्याकडे आली. हातावर हळद सुकलेली. हळूच विचारलं, “भाऊ, मशीन खराब निघालं का?”

मशीन खराब नव्हतं. पण नाही म्हणालो असतो तर अर्थ निघाला असता की मुलालाच येत नाही. हो म्हणालो असतो तर ते खोटं. मी म्हणालो, “बघतो मी.” आणि निघून आलो.

बघितलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. चार्जर आणि मिक्सर एकाच बोर्डवर घ्यायचे, नाहीतर आवाजाच्या वायरीत मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (थेट जोडणी तोडून फक्त आवाज पुढे नेणारी डबी) लावायचा. (चार्जरची अर्थिंगची पिन मोडणारे आहेत, मी पाहिलेत. कृपा करून ते करू नका, हुंकार जातो आणि शॉकपासूनचं संरक्षणही जातं.) बफर ५१२, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, यूएसबीला झोपवणारं विंडोजचं सेटिंग बंद, वायफाय बंद, गाणी घरूनच अॅनालाइज करून आणायची. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आणि रॅम ८ केली असती तरी तो लॅपटॉप त्या रात्री तरला असता. मी दोन आठवडे फोन केला नाही. केला तेव्हा त्याने सांगितलं, नाशिकरोडच्या एकाला ३८ हजारांत दिला. बचत गटाचा हप्ता सुरू होता.

आता तो अंबडला एका कंपनीत मशीनवर आहे. गणपतीत कॉलनीतली गाणी तोच लावतो, मोबाइलवरून. त्या रात्रीबद्दल तो कधी बोललेला नाही आणि मीही नाही.

म्हणून मी नाव सांगत नाही. आधी लॅपटॉप विचारतो. कंट्रोलरमध्ये बटणं असतात, फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंट्या) असतात आणि एक साउंड कार्ड असतं. गाणं वाजतं ते लॅपटॉपमध्ये. ३० हजारांत कंट्रोलर येतो, पण त्या ३० मध्ये कान झाकणारे हेडफोन, एक जास्तीची यूएसबी वायर, बरी केबल आणि लॅपटॉपची एसएसडी बसवायची असेल तर कंट्रोलर लहानच घ्यावा लागतो, आणि हे ऐकायला कोणी तयार नसतं. साउंडवाला कोण हे विचारतो, कारण त्याचा मिक्सर कॅनन घेतो की आरसीए, यावर तुमचे निम्मे पैसे वाया जाणार की नाही ते ठरतं. कुठे वाजवणार हेही विचारतो. वस्तीत ५५ डेसिबल दिवसाची मर्यादा आणि रात्री दहानंतर बंद, हे २००० सालापासूनचे नियम आहेत. चार चॅनल उघडून तुम्ही नेमकं काय करणार आहात?

एवढं मी ठासून लिहितो खरं, पण २०१९ च्या आधीचा मी समोर उभा राहिला तर तो विचारेल, तुला पहिला कंट्रोलर घेताना कोणी एवढे प्रश्न विचारले होते का? नव्हते. मेनरोडवरच्या एका ओळखीच्याकडून सेकंडहँड उचलला होता, एक फेडर खरखरत होता, त्यावरच शिकलो. चुकलो ते माझ्या पैशांनी चुकलो. मग आता इतरांना मी चुकूच देत नाही, ही काळजी आहे की भीती?

याला माझ्याकडे उत्तर नाही. मागच्या वर्षी कॉलेज रोडच्या एका मुलीने मला हेच सगळं विचारलं. मी तिला तीन आठवडे लॅपटॉप, केबल, अर्थिंग यातच फिरवलं. ती कंटाळली आणि मला न सांगता मोठा कंट्रोलर घेऊन आली. रंगपंचमीला तिला ऐकलं. फार सुरेख वाजवत होती, मास्टर सबंध वेळ हिरव्यात. माझ्या प्रश्नांमुळे तिची लग्नसराई गेली, एवढंच त्यांतून निघालं. आणि ती माझं ऐकून थांबलीच असती तर?

सातपूरच्या मुलाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. परवाच्या त्याच्या मेसेजच्या वरती, महिनाभर आधीचा, त्याच्या लॅपटॉपचा फोटो आहे. मी तेव्हा नीट बघितलाच नव्हता. काल मोठा करून बघितला. ८ जीबी, एसएसडी. बिजागरी शाबूत. रविवारी त्याच्याकडे जाणार आहे. माझा ४०० बरोबर नेतोय, दोन तास त्याच्या हातात देईन. नाव सांगायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.