बेंगळूरपेक्षा अंतराळ स्थानक जवळ

बेळगावहून सरळ रेषेत मोजलं तर मुंबई साधारण ४०० किलोमीटर आणि बेंगळूर ४६० च्या आसपास. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा ते आपल्यापासून ४१५-४२० किलोमीटरवर असतं. म्हणजे आपल्यावर हक्क सांगणारी एक राजधानी त्याच्या किंचित अलीकडे, कारभार करणारी दुसरी त्याच्या पलीकडे. आमच्याकडे दोन्ही राजधान्यांबद्दल मतं भरपूर, मोजमाप कमी. या लिखाणात अंतराळ स्थानक, सिनेमा, बेसबॉल आणि दोन्ही राज्यांच्या योजना यांवर मतं आहेतच, खरं शक्य तिथे आकडा सोबत ठेवलाय.

आधी हे स्थानक बघायचं कसं, ते सांगतो. दुर्बीण लागत नाही, उलट दुर्बिणीतून ते सापडतच नाही, इतकं पळतं. सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेग. मुंबई ते बेंगळूर हे अंतर ते दोन मिनिटांच्या आत कापतं. ते दिसतं फक्त सूर्यास्तानंतरच्या दीडेक तासात किंवा सूर्योदयाआधीच्या तेवढ्याच वेळात, कारण त्याला स्वतःचा दिवा नाही. आपण अंधारात आणि ते उन्हात, असं जमलं तरच ते चमकतं. मध्यरात्री ते वरून गेलं तरी पृथ्वीच्या सावलीत असतं.

नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' सेवेवर आपलं गाव टाकलं की वेळ, किती मिनिटं दिसणार, कमाल उंची आणि कुठून कुठे, एवढं मिळतं. यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा उंचीचा, आणि नेमकं त्याकडेच कुणी बघत नाही. उंची अंशांत असते. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते. १५ अंशांचं दर्शन म्हणजे क्षितिजापासून दीड मूठ. टिळकवाडीत किंवा शहापुरात ते समोरच्या इमारतीमागून निघून जाईल. ४० च्या वरचीच दर्शनं निवडा. स्थानक नेहमी पश्चिमेच्या बाजूने येतं, म्हणजे नैऋत्येकडून ईशान्येला किंवा वायव्येकडून आग्नेयेला. लुकलुकत नाही, लाल-हिरवा दिवा नसतो, आवाज नसतो. दिवा लुकलुकला की समजायचं, सांबऱ्याला उतरणारं विमान.

संध्याकाळी बघताना ते आकाशाच्या मध्यात आल्यावर अचानक विझतं, म्हणजे पृथ्वीच्या सावलीत शिरतं. पहाटे याच्या उलट होतं, पश्चिमेच्या आकाशात काही नसताना एकदम उजळतं. त्यामुळे पहाटे क्षितिजाकडे टक लावून बसण्यात अर्थ नाही. उजळण्याची जागा तक्त्यात अंशांत दिलेली असते, तिकडे बघायचं. फोटो हवा असेल तर मोबाइल स्टँडवर लावा, १० सेकंदांचं एक्स्पोजर, आयएसओ ४०० ते ८००, आणि फोकस हाताने अनंतावर. हातात धरून काढला तर प्रकाशाचा सलग दोरा न येता गिचमिड येते. जून ते सप्टेंबर नाद सोडा, बेळगावचा पाऊस काही बघू देत नाही.

जागा म्हणाल तर येळ्ळूरचा राजहंसगड चांगला, शहराचा उजेड उत्तरेला राहतो. तिथल्या शिवपुतळ्याचं मार्च २०२३ मध्ये दोन पक्षांनी आठवड्याच्या आत दोनदा अनावरण केलं होतं. निवडणूक दोन महिन्यांवर होती. पुतळा एकच, श्रेय मात्र प्रत्येकाला अख्खं हवं होतं.

अंतराळात फिरणारी हबल दुर्बीणही आपल्याकडून दिसते, लंडनवाल्यांना नाही. तिची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंशांनी कलती आहे, त्यामुळे ती उत्तरेला फार वर जातच नाही. स्थानकाची कक्षा ५१.६ अंशांची. हे दोन आकडे लक्षात ठेवले की २०१३ सालच्या 'ग्रॅव्हिटी' या सिनेमाचा पाया डळमळतो. त्यात अंतराळवीर हबलपासून स्थानकापर्यंत पाठीवरच्या जेटपॅकवर जातात. उंचीतला फरक शंभर-दीडशे किलोमीटरचा, तो एक वेळ सोडून देऊ. पण कक्षेचा कल २३ अंशांनी बदलायचा तर सेकंदाला ३ किलोमीटर इतका वेगातला बदल लागतो. जेटपॅकमध्ये त्याचा शंभरावा हिस्साही नसतो. तरी माझ्या मते तो सिनेमा चांगला आहे, कारण स्फोट होतात तेव्हा बाहेरचा आवाज येत नाही. संगीत असतं, धडाम् नसतं. आपल्याकडच्या अवकाशपटांना एवढा संयम अजून जमलेला नाही. यान हललं की ढोल, शास्त्रज्ञ हसला की ढोल. चांद्रयान-३ उतरलं २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी. शेवटची पंधरा-वीस मिनिटं पडद्यावर फक्त वेग आणि उंचीचे आकडे उतरत होते, आणि देशभर लोक श्वास रोखून तेच बघत होते. आकड्यांनी धडधड वाढते हे ज्या दिग्दर्शकाला कळेल, त्याच्या सिनेमाचं तिकीट मी दोनदा काढीन.

आता बेसबॉल. मराठीत यावर लिहिणारे कमी, कारण क्रिकेटवाल्यांना तो अडाण्यांचा खेळ वाटतो. 'सरळ फुलटॉस टाकतात, त्यात काय,' हे वाक्य कट्ट्यावर ठरलेलं. हिशोब करू. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, उभा राहतो ६० फूट ६ इंचांवर, म्हणजे १८.४४ मीटर. पुढे पाय टाकून तो चेंडू सोडतो तेव्हा अंतर उरतं साधारण पावणेसतरा मीटर. ताशी १५० किलोमीटरच्या वेगाने चेंडू पोचायला ०.४ सेकंद. टप्पा नाही, म्हणजे टप्प्यावर कमी होणारा वेगही नाही. बॅट गोल, व्यास जास्तीत जास्त २.६१ इंच. क्रिकेटची बॅट सव्वाचार इंच रुंद आणि सपाट. गोल दांड्याने गोल चेंडू नीट लागण्याची जागा बोटभरच. म्हणून दहा संधींत तीन हिट मारणारा तिथे मोठा फलंदाज, आणि अमेरिकन व नॅशनल या दोन लीगमध्ये अख्ख्या मोसमात दहाला चारच्या वर गेलेला शेवटचा खेळाडू टेड विल्यम्स, १९४१ साली, .४०६, म्हणजे हजाराला ४०६.

क्रिकेटवाल्याला बेसबॉल बघताना अडतं ते फाउलपाशी. बॅटला लागलेला चेंडू होम प्लेटपासून, म्हणजे बॅटरच्या जागेपासून, पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडे (बेस म्हणजे धावताना गाठायचे चौकोनाचे कोपरे) जाणाऱ्या दोन रेषांच्या बाहेर गेला की फाउल. लेट कट, लेग ग्लान्स सगळं वाया. पहिले दोन फाउल स्ट्राइक धरले जातात, आणि तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. दोन स्ट्राइक झाल्यावरचा फाउल मात्र मोजत नाहीत, फक्त बंट करताना, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता टेकवताना, गेला तर बाद. त्यामुळे हुशार बॅटर दोन स्ट्राइकनंतर चेंडूमागून चेंडू फाउल घालवत पिचरला दमवतो. स्कोअर हलत नाही आणि नवख्याला वाटतं काहीच चाललेलं नाही. खेळ तिथेच चाललेला असतो.

अमेरिकेतली वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, ऑक्टोबरच्या शेवटी असते, आणि सामने आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होतात. त्यावेळी आकाश स्वच्छ असलं आणि तक्ता जुळला तर स्थानक बघून सामन्याला बसता येतं. २०२३ पासून पिच क्लॉक आलं, बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचाच, आणि मोसमातला सरासरी सामना तीन तासांवरून २ तास ४० मिनिटांवर आला. हा बदल मला पटतो. न पटणारा नियम दुसरा. नऊ डावांत बरोबरी झाली की साखळी सामन्यात दहाव्या डावापासून दुसऱ्या बेसवर एक धावपटू फुकटात उभा करतात. हे म्हणजे टाय झाल्यावर दोन्ही संघांना वीस धावा वाटून टाकण्यासारखं. सुदैवाने बाद फेरीत हा नियम नाही, म्हणूनच २०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना १८ डाव चालला. साडेसहा तासांहून जास्त, आपल्याकडे बारा वाजून गेले. डॉजर्सनी टोरांटोच्या ब्लू जेजना ६-५ ने हरवलं आणि पुढे सातव्या सामन्यात सिरीजही जिंकली.

शाळेच्या मैदानावर आखून खेळायचं असेल तर दोन बेसमध्ये ९० फूट ठेवण्याच्या नादी लागू नका, मुलांना पहिल्या बेसपर्यंत चेंडू फेकता येत नाही. ६० फूट घ्या. चौकोन आखताना नजरेने काटकोन धरतात, आणि मग दुसरा बेस भलतीकडे जातो. दोरी वापरा. होमला खुंटी ठोका, दुसऱ्या बेसच्या दिशेला ८४ फूट सव्वादहा इंचांवर दुसरी खुंटी. आता दोन्ही खुंट्यांना ६०-६० फुटांच्या दोऱ्या बांधून त्यांची टोकं उजवीकडे ताणली की जिथे मिळतील तो पहिला बेस, डावीकडे तिसरा. पिचरची पट्टी चौकोनाच्या बरोबर मध्यात येत नाही. मध्य ४२ फूट ५ इंचांवर, पट्टी ४६ फुटांवर, म्हणजे साडेतीन फूट मागे. ग्लोव्ह घेताना आणखी एक घोळ होतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा ग्लोव्ह डाव्या हातात घालायचा असतो. दुकानात 'उजव्याचा द्या' म्हटलं की उजव्या हातात बसणारा येतो. घालून बघा, फेकायचा हात मोकळा राहिला पाहिजे. आणि आपल्या तांबड्या, जांभ्याच्या मैदानावर स्लाइड करायला, म्हणजे घसरत बेस गाठायला, लावू नका, गुडघ्याची सालं निघतात. बेसबॉलची बॅट तेवढी कुठेही मिळते. ती ज्यांच्या गाडीत सीटखाली असते, त्यांच्याकडे चेंडू नसतो हे वेगळं.

राजकारणात आमचं दोन्ही राज्यांकडे बघणं चुकत नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, महाजन आयोगाने १९६७ मध्ये २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाकडे सुचवली होती, आणि डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की दोन्ही बाजूंचे आवाज चढतात. यावर बोलून झालेलं आहे. रोजच्या घरात मात्र वाद योजनांचा असतो, 'तिकडे जास्त मिळतं' हा.

मोजून बघू. इकडे कर्नाटकात गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,०००, रेशन कार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला, म्हणजे घरात एकीलाच. तिकडे महाराष्ट्रात लाडक्या बहिणीचे १,५००, पण कुटुंबात एक विवाहित आणि एक अविवाहित अशा दोघींना मिळू शकतात. आई आणि एकवीस पूर्ण झालेली लेक असेल तर महाराष्ट्रातल्या चंदगडचं घर ३,००० वर, कर्नाटकातल्या खानापूरचं २,००० वर. लेक लग्न होऊन गेली की खानापूर पुढे. आता खानापूरची लेक चंदगडला दिली तर? जन्म परराज्यातला म्हणून अर्ज अडतो असा समज आहे. तो चुकीचा आहे. नवरा महाराष्ट्राचा रहिवासी असेल तर त्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालतं. माहेरच्या रेशन कार्डावरचं नाव आधी कमी करून घ्यावं, नाहीतर पडताळणीत दोन्हीकडे नाव दिसतं.

'दोनशे युनिट फुकट' हाही असाच अर्धा समज. कर्नाटकाच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत प्रत्येकाला दोनशे नाहीत. बहुतेक घरांना २०२२-२३ मधला सरासरी वापर अधिक १० टक्के, एवढाच हक्क. सरासरी ६० असेल तर ६६ माफ. वापर ८० झाला तर १४ युनिटांचे पैसे. आणि २०० च्या वर एक युनिट गेलं तरी अख्खं बिल भरायचं. मे महिन्यात कूलर लावणाऱ्या घरांचा हेस्कॉम या वीज कंपनीवरचा राग इथून येतो. मीटर महिन्याच्या मध्यावर एकदा वाचून ठेवला तर निम्मा राग वाचेल.

प्रवासाचंही तेच. शक्ती योजनेत कर्नाटकाच्या पत्त्याचं ओळखपत्र असलेल्या बायकांना राज्यातल्या साध्या बसचं तिकीट शून्य, पण आंतरराज्य बसला ती लागू नाही. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, पण महाराष्ट्राच्या हद्दीतच. म्हणून कोल्हापूरला जाणाऱ्या मावशी बेळगाव ते निपाणी साध्या बसने फुकट जातात आणि निपाणीला एसटी धरतात. निपाणी ते हद्द पूर्ण, पुढे निम्मं.

सिनेमाच्या तिकिटावरही सरकारने हात टाकून पाहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटकाने कर सोडून २०० रुपयांची कमाल मर्यादा जाहीर केली आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. मर्यादा मला आवडली असती, पण खरा फरक त्याच सुमारास जीएसटीने पडला. १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के, त्याच्या वर १८. म्हणजे १०० चं तिकीट १०५ ला आणि ११० चं जवळजवळ १३० ला. मराठी सिनेमा एखाद्याच खेळाला लागतो, तोही गैरसोयीच्या वेळेला. त्याचे तिकीटदर शंभराच्या आत ठेवले तर प्रेक्षकाचे वाचलेले पंचवीस रुपये मध्यंतराच्या वड्याला तरी लागतील.